माहेरच्या नावाचं कार्ड

आमच्या कॉलेजच्या ग्रंथपालांचं पहिलं वाक्य असायचं, "हात धुतले का?" आणि दुसरं, "पूर्ण नाव सांगा." तिसरं वाक्य ऐकण्याइतका वेळ फार थोडी माणसं त्यांच्यासमोर टिकायची.

ग्रंथालयाच्या दाराशी बादली, तांब्या आणि खुंटीला पंचा. विद्यार्थी असो, प्राध्यापक असो, नाहीतर संस्थेचे अध्यक्ष असोत, हात धुतल्याशिवाय पुस्तकाला शिवायचं नाही. एकदा कसल्याशा उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनाही त्यांनी तांब्या पुढे केला. पाहुण्यांना वाटलं जेवण आहे. ते हात धुऊन खुशीत आत आले, तर समोर लेखकांच्या नोंदकार्डांचे खण. प्राचार्य आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत, पण बादली हलली नाही.

संगमनेरला मी वनस्पतिशास्त्र शिकवायला आले तेव्हा नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं आणि माझ्या लग्नाला चार महिने झाले होते. मी हात धुतले, पूर्ण नाव सांगितलं. गळ्याभोवती मफलर गुंडाळलेला तो काळासावळा उंच माणूस उभ्याउभ्याच माझ्याकडे बघत राहिला. महिना मे होता.

"हे झालं सासरचं," ते म्हणाले. "लग्नाआधीचं?"

"ते कशाला हवंय?"

"त्या नावानं काय लिवलंय का?"

लिहिलं होतं. गवतांच्या पानांच्या अंतर्रचनेवर माझे तीन लेख लग्नाआधी छापून आले होते. तसं मी सांगितलं, थोडं तोऱ्यातच.

"मग त्या बाईचं कार्ड नको करायला?" असं म्हणून त्यांनी दोन कोरी कार्डं काढली. एकावर माझं सासरचं नाव, दुसऱ्यावर माहेरचं, आणि दोन्हींच्या खाली 'पाहा' लिहून दुसऱ्या कार्डावरचं नाव. मग मला दोन्ही कार्डांवर तारीख टाकून सही करायला लावली. मला राग आला. आमच्याकडे लग्नात नवरा ताटातल्या तांदळावर अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो. माझं पहिलं नाव बदललं, मधलं बदललं, आडनाव बदललं. मला ते नवं नाव आवडलंही होतं, खोटं कशाला बोलू? नव्या नवरीला असं मागे वळून बघायला लावणारा हा कोण, असं वाटलं. ती दोन्ही नावं मी इथे सांगत नाही. एक सांगितलं तर दुसरीला वाईट वाटेल.

ते खुर्चीत बसत नसत. उंच टेबलापाशी उभे राहून दिवसभर कार्डं लिहीत. अक्षर असं की छापखान्याने शिकवणी लावावी. भांडकुदळ होते. कोणी पुस्तकाचं पान दुमडलं तर त्याच्या घरी चिठ्ठी जायची. शेवगावच्या बाजूचे, बोलणं तिकडचं. बुद्धपौर्णिमेला स्टीलच्या मोठ्या डब्यातून सगळ्या स्टाफला खीर आणत, आणि त्या एका दिवशी कोणालाही हात धुतले का म्हणून विचारत नसत.

त्यांचं खरं वेड म्हणजे आद्याक्षरं. पुस्तकावर किंवा लेखावर नुसती आद्याक्षरं आणि आडनाव दिसलं की त्यांना चैन पडत नसे. मग जोडकार्ड निघायचं, म्हणजे उत्तराचं कोरं कार्ड सोबत जोडलेलं पोस्टकार्ड. मजकूर ठरलेला. 'आपले पूर्ण नाव कळवावे. आपण स्त्री की पुरुष तेही कळवल्यास आभारी होईन.' यावर एका नामवंत प्राध्यापकांनी प्राचार्यांकडे तक्रार केली होती. ग्रंथपाल म्हणाले, "आता पुरुष हायेत हे तरी नक्की झालं," आणि कार्ड लिहायला घेतलं.

ह्या वेडाने त्यांना एकदा चांगलंच तोंडघशी पाडलं. नगर जिल्ह्यातल्या जुन्या बारवांवर, म्हणजे दगडी बांधणीच्या विहिरींवर, पुण्याच्या एका त्रैमासिकात पूर्वी चौदा लेख आले होते, नुसत्या आद्याक्षरांनी आणि राहात्याच्या पत्त्याने. ग्रंथपाल त्या लेखांचे भक्त. नव्या विद्यार्थ्यांना ते दरवर्षी सांगत, "हे राहात्याचे सद्गृहस्थ कमरेला दोर बांधून बारवंत उतरत. असं संशोधन पायजे." चौदाही कार्डांवर त्यांनी नावाआधी 'श्री.' घातलं होतं. खात्रीच होती, म्हणून तिकडे जोडकार्ड कधी धाडलं नव्हतं. कधीतरी नियम म्हणून धाडलं, तर उत्तर आलं, 'मी बाई आहे. वय अडुसष्ट. गुडघे दुखतात, नाहीतर अजून उतरले असते.'

दुसऱ्या दिवशी हे गृहस्थ रजा टाकून, पेढे घेऊन राहात्याला माफी मागायला गेले. आल्यावर आधी माझ्याकडे आले. चेहरा उतरलेला.

"बाई, मी त्यांना इचारलं, पूर्ण नाव का न्हाई टाकलं? तर म्हनाल्या, संपादकानंच काढलं. म्हनला, बाई बारवंत उतरली म्हटलं की लोक लेख बाजूला ठेवत्यात आन बाईबद्दल बोलत्यात."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हननार? संपादकानं नाव झाकलं, आन 'श्री.' तर मीच लावलं. त्यानं तरी न्हाई लावलं."

चौदा कार्डं त्यांनी फाडली आणि नव्याने लिहिली. त्या बाईंना कॉलेजात व्याख्यानाला बोलावलं, स्वतः गाडी करून आणलं, जिन्यावर हाताला धरून चढवलं. त्या तासभर बोलल्या. मुली मागच्या बाकांवरून उठून पुढे येऊन बसल्या होत्या, हे मला अजून दिसतं.

आता एवढ्यावरून कोणी त्यांना संत ठरवू नये. बुद्धपौर्णिमेचा डबा परत द्यायला मी एकदा त्यांच्या घरी गेले. ओसरीवरून त्यांची हाक, "अगं ए, चहा टाक!" आतून त्यांच्या पत्नी आल्या आणि मला म्हणाल्या, "बघा मॅडम. सगळ्या जगाच्या बायांची नावं इचारत्यात, आन मला मातर 'अगं ए'. तीस वर्सं झाली." मी हसले. ग्रंथपाल हसले नाहीत. काही दिवसांनी बाजारात त्यांच्या पत्नी भेटल्या, तर म्हणाल्या, "तुमी काय सांगितलंत त्यांना? आता नावानं हाक मारत्यात. शेजारीपाजारी बघत्यात हो, लाज वाटती!" पण सांगताना खुलल्या होत्या.

स्टाफरूममध्ये त्यांची चेष्टा चालायची. एकदा कोणीतरी म्हणालं, "बायकांच्या नावांचा एवढा पुळका कशाला? लेख चांगला असला म्हणजे झालं. लेखाला काय बाई नि बुवा?"

ते शांतपणे म्हणाले, "माझी आई आयुष्यभर ऊस तोडायला जायची. नवरा-बायको मिळून एक कोयता धरत्यात. मुकादमाच्या यादीत एका कोयत्याला एक नाव. बापाचं. बाप तापानं पडला तवा दोन हंगाम आई भावाला घिऊन गेली. तवा बी यादीत नाव भावाचं. ऊस कोणी तोडला हे फडातल्या सगळ्यांना ठावं होतं. फडाबाहेर कोनालाच न्हाई."

त्यांनी मफलर सारखा केला आणि कोणाकडे तरी अडकलेलं एक पुस्तक मागायला सुरुवात केली.

आता माझी गोष्ट. कॉलेजात सात वर्षं झाल्यावर मी संशोधनाची मार्गदर्शक म्हणून मान्यता मिळावी असा अर्ज केला. हौस म्हणून नाही. माझी एक विद्यार्थिनी होती, जवळच्याच गावातली. तिचे वडील दूध संकलन केंद्रावर दुधाची फॅट तपासायचे. मुलगी विलक्षण होती. ब्लेडने पानाचा छेद असा घ्यायची की काचेखाली एकेक पेशी मोजावी. तिला जनावरांच्या चाऱ्याच्या गवतांवर पीएच. डी. करायची होती. वडिलांनी सांगून ठेवलं होतं, "हितल्या हितं व्हत आसंल तर शिक. पुन्याला न्हाई धाडायचो. न्हाई जमलं तर दिवाळीनंतर स्थळं बघायची." आणि इथे आमच्या विषयाला मार्गदर्शक कोणीच नव्हतं. मला मान्यता मिळाली तरच तिचं पुढचं जमणार होतं.

अर्जाला पाच लेख लागत. माझे पाच होते. तीन माहेरच्या नावाने, दोन सासरच्या. महिन्याभरात पुण्याहून विद्यापीठाच्या समितीचं पत्र आलं. पाचपैकी तीन लेख अन्य व्यक्तीचे दिसतात, अमुक तारखेला समक्ष हजर राहून खुलासा करावा, खुलासा समाधानकारक नसल्यास योग्य ती कारवाई करण्यात येईल. तारीख आठ दिवसांवर होती.

अन्य व्यक्ती! मी ते पत्र हातात घेऊन कितीतरी वेळ बसून राहिले. रडूच आलं. ते लेख लिहिताना डोळे जाळले होते मी.

प्राचार्य सज्जन होते. म्हणाले, "गॅझेटमध्ये नाव बदलल्याची जाहिरात दिली होती का?" नव्हती. "लग्नाची नोंद?" तीही नव्हती. लग्नपत्रिकेवर फक्त माहेरचं नाव, रेशनकार्डावर फक्त सासरचं. त्या लेखांच्या वेळचे माझे मार्गदर्शक निवृत्त होऊन मुलाकडे परदेशी गेलेले, पत्राला उत्तर देत नव्हते. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, ते तीन लेख सोडून द्या. दोन वर्षांत नवे तीन लिहा. उगाच चौकशीच्या भानगडीत नाव खराब होईल."

दोन वर्षांत ती मुलगी कुठल्यातरी सासरी भाकऱ्या थापत असती. तरीही मी सोडून द्यायला निघाले होते, हे कबूल करते. मी घाबरले होते. ग्रंथालयात पुस्तकं परत करायला गेले आणि ओघात हे सांगितलं. ग्रंथपालांनी लेखणी खाली ठेवली.

"सोडून द्यायचं? तुमचं हाय का दुसऱ्याचं?"

"माझं आहे, सर. पण दोन्ही नावं एका कागदावर असतील असा कागदच नाही."

त्यांनी खण ओढला आणि दोन कार्डं वर काढली. सात वर्षांपूर्वीची तारीख, खाली माझ्या सह्या. मग म्हणाले, "पुन्याला मी येतो."

त्यांनी कार्डं नाही आणली. अख्खा खण आणला. "कार्ड खणातून काढलं की पुरावा मोडतो," म्हणाले. नाशिक–पुणे गाडीत तो लाकडी खण मांडीवर घेऊन, मफलर बांधून हा माणूस चार तास बसला. कंडक्टरने विचारलं, "काय हाय, बाबा? पेटी हाय का वाजवायची?" ते म्हणाले, "मानसं हायेत." कंडक्टर पुढे सरकला तो परत आमच्याकडे फिरकला नाही.

समितीत तिघे होते. शिपायाने ग्रंथपालांना अडवलं, पण "मी पुरावा हाय" असं म्हणून ते आत शिरले. खण टेबलावर ठेवला. अध्यक्षांनी कार्डं पाहिली आणि परत सरकवली.

"हे ग्रंथालयाचं कार्ड आहे. कायदेशीर कागद नाही. उद्या कोणीही कार्ड लिहून आणेल."

"साहेब," ग्रंथपाल म्हणाले, "बाईंनीच मला शिकवलंय. एखाद्या गवताचं नाव बदललं तर शास्त्रात नव्या नावाखाली जुनं नाव लिवायची रीत हाय. कोनी ठेवलं, कवा ठेवलं, सगळं. गवताला जे जमतंय ते बाईला का जमू न्हाई?"

कडेचा एकजण हसला. अध्यक्ष हसले नाहीत. "आपण जरा शांत बसा. मॅडम, शिवाय या तिन्ही लेखांवर पहिलं नाव तुमच्या मार्गदर्शकांचं आहे. दुसरं नाव कोणाचं, याने आम्ही काय समजायचं?"

ग्रंथपालांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्याजवळचं संपलं होतं. सात वर्षं जपलेला तो खण टेबलावर होता आणि त्याचा उपयोग झाला नव्हता. त्यांचा तो पडलेला चेहरा बघून माझी भीती गेली आणि राग आला. आणि रागाच्या भरात मला जे सुचलं ते एरवी कधीच सुचलं नसतं.

"माझ्याकडे कागद नाही," मी म्हणाले. "चूक आहे. तिसऱ्या लेखातली आकृती तीन आणि आकृती चार यांची नावं उलटी छापली आहेत. मजकुरात पहिल्या गवताच्या पानाला खालून लव आहे असं म्हटलंय, पण आकृतीत तिथे लव नाही. ती पुढच्या आकृतीत आहे. चूक माझी आहे. आकृत्यांखाली नावं मी चिकटवली. हे लेख करणाऱ्याशिवाय कोणाला ठाऊक असणार?"

तिघांपैकी एकजण, किडकिडीत, आतापर्यंत एक शब्द न बोललेले, पुढे वाकले. लेखाची प्रत उघडली, पानं मागेपुढे केली. मग चष्मा काढला.

"ही चूक तुमची?"

"हो."

"अहो, इतकी वर्षं मी ही आकृती वर्गात शिकवताना अडखळतोय! मी तुमच्या मार्गदर्शकांना पत्रही लिहिलं होतं. उत्तर आलं नाही."

"मला त्या पत्राचं कोणी सांगितलंच नाही," मी म्हणाले. "मी त्यांना दुरुस्ती छापू या म्हणाले होते. ते म्हणाले, छापून झालंय, गप्प बस. पत्रं पहिल्या नावाला जातात. दुसऱ्या नावाला चूक सुधारायचीही सोय नसते."

"पण झाली कशी?" त्यांनी विचारलं. आता ते समितीचे सभासद राहिले नव्हते, गवताचे अभ्यासक झाले होते.

खरं सांगायचं की नाही, क्षणभर कळेना. मग सांगून टाकलं. "छापखान्याचा माणूस दाराशी उभा होता आणि त्याच वेळी मला बघायला पाहुणे आले होते. आई आतून ओरडत होती, पोहे गार होतायत म्हणून. मी घाईत नावं चिकटवली."

अध्यक्ष पहिल्यांदाच हसले. "मग? पसंत पडलात का?"

"पडले ना. म्हणून तर आज तुमच्यासमोर दुसऱ्या नावाने उभी आहे."

परतीच्या गाडीत मला वाटलं ग्रंथपाल खुशीत असतील. ते नारायणगावपर्यंत बोललेच नाहीत. मग म्हणाले, "सात वर्सं तो लेख माझ्याकडं हाय. त्यात चूक हाय हे तुमाला ठावं हुतं आन तुमी मला सांगितलं न्हाई?" ते खरोखरच रागावले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी लेखात दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवली आणि त्यावर माझी सही घेतली.

तीन आठवड्यांनी मान्यता आली. मुलीची नोंदणी झाली. चाऱ्याच्या गवतांवर तिने दोन वर्षं जीव ओतून काम केलं. बांधाबांधाने हिंडली, वडिलांच्या केंद्रावर दूध घालायला येणाऱ्यांना विचारून विचारून गवतं जमवली. पहिला लेख तयार झाला. मी तिचं नाव आधी आणि माझं नंतर घालून तो एका इंग्रजी नियतकालिकाकडे धाडला. संपादकांचं उत्तर आलं, लेख उत्तम आहे, मात्र मार्गदर्शकांचं नाव प्रथम घालण्याची आमची प्रथा आहे, तसा बदल कळवावा.

खरं सांगते, मला ते वाचून बरं वाटलं. पहिल्या जागेची चव मी कधी घेतली नव्हती. पत्र दोन दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. मग ग्रंथपालांना दाखवलं. ते महिन्याभरात निवृत्त होणार होते. पत्र वाचून त्यांनी घडी घातली आणि परत दिलं. एरवी न विचारता सल्ला देणारा माणूस, त्या दिवशी काही बोलला नाही. पुस्तकं लावायला निघून गेला. मी त्यांच्याच उंच टेबलापाशी उभं राहून संपादकांना उत्तर लिहिलं. नावांचा क्रम तोच ठेवावा, जमत नसल्यास लेख परत करावा.

लेख परत आला नाही. चार महिन्यांनी छापील अंक आला. मुलगी आईवडिलांना घेऊन कॉलेजात आली. ग्रंथपाल निवृत्त झाले होते, पण निरोप मिळताच मफलर गुंडाळून हजर. चौघं टेबलाभोवती उभे, मी पाचवी.

वडिलांनी विचारलं, "ह्यात आमच्या पोरीचं कुटलं?"

मी बोट ठेवलं. "हे पहिलं."

"आन तुमचं?"

"त्याच्यानंतरचं."

त्यांचा चेहरा बदलला. ते मुलीवर डाफरले, "तुला काय कळतंय का न्हाई? मॅडम गुरू हायेत तुझ्या. त्यांचं नाव मागं घालतीस व्हय?"

मुलगी खाली बघायला लागली. मी काही बोलणार, तेवढ्यात ग्रंथपाल म्हणाले, "काम तिनं केलंय."

वडील त्या छापील ओळीकडे बघत राहिले. आत्तापर्यंत पदर धरून मागे उभी असलेली मुलीची आई पुढे आली आणि हळूच म्हणाली, "मला वाचाया येत न्हाई. तुमी वाचून दावा की."

परीक्षेचे दिवस होते. ग्रंथालय भरलेलं होतं, आणि तिथे कुजबुजलेलंही ग्रंथपालांनी कधी चालवून घेतलं नव्हतं. त्यांनी अंक दोन्ही हातांत धरला आणि वर्गात हजेरी घेतात तसं खणखणीत आवाजात मुलीचं नाव वाचलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. वाचणाऱ्या पोरांनी माना वर केल्या.

"आनि येकदा," आई म्हणाली.

त्यांनी आणखी एकदा वाचलं.